न धावलेल्या गाडीचे मोल



व्याख्यानमालेच्या चालकांकडून 'इतिहासावर बोला' असा निरोप आला, तेव्हा आम्ही त्यांना एवढेच विचारले की, इतिहास कोणाचा? ते म्हणाले, तुम्हांला जो ठाऊक असेल त्याचा. आमचे शालेय शिक्षण नववीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि जिल्हा वाचनालयाच्या बाकावर. राजघराण्यांच्या वंशावळी आम्हांला पाठ नाहीत. यंत्रे थोडीफार कळतात आणि यंत्रांवर उभी राहणारी माणसे त्याहून बरी कळतात. म्हणून आज वाहनांविषयी, आणि त्यांतही जपून ठेवलेल्या वाहनांविषयी बोलावे असे योजिले आहे.

निमित्त असे घडले. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. आमची नि त्यांची मैत्री जुनी. दोघेही एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलो. तो कारखाना कोणता हे सांगण्याचे कारण नाही. त्यांनी गॅरेज काढले, आम्ही युनियन. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे चहाला बसलो असता त्यांनी एका गिऱ्हाइकाने आणून दिलेले, परदेशातल्या गाड्यांच्या लिलावाच्या यादीतले एक रंगीत पान आमच्यापुढे टाकले. पानावर एक छोटी तांबडी गाडी होती. टप मागे दुमडून ठेवलेला, आसनांवर सुरकुती नाही, चाकांच्या कडांवर ओरखडा नाही. गाडी चाळीस वर्षांची, मूळचाच रंग, दोन्ही किल्ल्या शाबूत, आणि मीटरवर आकडा किती, तर आमच्या एखाद्या रिक्षावाल्याचा तीनचार महिन्यांत पुरा व्हावा एवढा. संग्राहकांसाठी दुर्मिळ संधी, असा मथळा. किंमत वाचून आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचली.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, गाडी चाललीच नाही, तर तिनं केलं काय? आणि हे लोक पैसे मागतात ते कशाचे?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथल्या तेथे देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्याच उत्तराचा शोध आहे असे समजावे.

प्रथम ती गाडी कोणती ते सांगितले पाहिजे. ती होती जर्मनीची फोक्सवॅगन गोल्फ, पहिल्या घाटाची, उघड्या टपाची आणि जीटीआय नावाच्या तगड्या इंजिनाची. मागचे दार काचेसकट वर उचलले जाणारी छोटी गाडी म्हणजे हॅचबॅक. तिच्यात शर्यतीच्या तोडीचे इंजिन घातले की शौकीन मंडळी तिला हॉट हॅच म्हणतात. या जातीला नाव मिळवून दिले ते गोल्फ जीटीआयने. ती १९७५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १९७६ पासून विकली जाऊ लागली. गंमत अशी की, कंपनीच्या वरिष्ठांना ही गाडी काढण्याची फारशी हौस नव्हती. मूठभर इंजिनियरांनी आपल्या नेमून दिलेल्या कामाबाहेर, जवळजवळ चोरून, तिचा पहिला नमुना सिद्ध केला. त्यांना त्या जादा तासांचा मोबदला मिळाला की नाही हे आमच्या हाती आलेल्या एकाही पुस्तकात नाही. युनियनवाल्याचे डोळे आधी तेच शोधतात. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ झाले असा अंदाज होता. पहिल्या घाटाच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. इंजिन सोळाशे सी. सी.चे, ताकद एकशेदहा अश्वशक्तीची. त्याच काळात आपल्या कुर्ल्याला तयार होणारी पद्मिनी जेमतेम चाळीसेक अश्वशक्तीवर घाट चढत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल.

उघड्या टपाची गोल्फ १९७९ मध्ये आली. तेव्हा उघड्या मोटारींचे दिवस भरले असेच सर्वांना वाटत होते. गाडी उलटली तर आतल्यांचे डोके वाचणार कसे, असा प्रश्न अमेरिकेत उठला होता आणि नवे कायदे येणार अशी हवा होती. म्हणून या गोल्फच्या मधोमध एक जाड पोलादी कमान ठेवली होती. टप खाली केला की ती कमान परडीच्या कडीसारखी वर राही. जर्मन लोकांनी तिचे नाव 'स्ट्रॉबेरीची परडी' असेच पाडले. ही परडी फोक्सवॅगनच्या मुख्य कारखान्यात होत नसे. ओस्नाब्रुक गावी कारमान नावाचा गाड्यांचे सांगाडे बांधणारा जुना कारखाना होता, १९०१ सालचा. तेथले कामगार टपाचे कापड अनेक पदरी शिवीत, मागची काच खरी काचेचीच बसवीत, आणि पाणी आत येऊ नये म्हणून रबराची एकेक पट्टी हाताने सारखी करीत. १९९३ पर्यंत अशा जवळजवळ चार लाख गाड्या निघाल्या. पुढे २००९ मध्ये कारमानने दिवाळे जाहीर केले. कारखाना फोक्सवॅगनने घेतला, म्हणून गावात काम राहिले. सगळ्यांचे राहिले असे नाही. ज्या शिवणीकडे पाहून आज संग्राहक लाखो रुपये मोजतो ती शिवण घालणारा हात त्या वर्षी कामाच्या रांगेत उभा होता की काय, हा विचार लिलावाच्या यादीत कोठेही येत नाही. यादीत येण्याचे ते ठिकाणही नव्हे, हे आम्हांला कळते.

आता मीटरवरच्या आकड्याकडे येऊ.

गाडी वापरली नाही म्हणजे ती आपोआप जपली जाते, असा पुष्कळांचा समज आहे. कोणत्याही मिस्त्रीला विचारा, तो हसेल. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. पेट्रोल टाकीत वर्षभर राहिले की त्याचा डिंक होतो आणि नळ्या तुंबतात. ब्रेकचे तेल हवेतली ओल पिते आणि सिलिंडरला आतून गंज चढतो. रबरी सील वाळून तडकतात. टायर एकाच जागी दबून त्यांना सपाट डाग पडतात. बॅटरी तर सहा महिन्यांतच मान टाकते. उघड्या टपाच्या गाडीला याहून एक दुखणे जास्त. कापड दुमडलेल्या घडीवर विरते, पाणी झिरपते, ते गालिच्याखाली साचते आणि वरून लखलखीत दिसणाऱ्या गाडीचा तळपत्रा खालून चाळणी होतो. तेव्हा चाळीस वर्षे न धावलेली गाडी जर खरोखरच नव्यासारखी असेल, तर कोणीतरी चाळीस वर्षे तिची चाकरी केलेली असते. दर महिन्याला इंजिन गरम केले, चाके थोडी फिरवली, तेल बदलले, कापडाला हवा दिली. मालकाने हे स्वतः केले असेल तर त्याला आमचा नमस्कार. बहुधा पगारी माणसाने केलेले असते. न धावलेल्या गाडीच्या किमतीत एक मोठा वाटा या मजुरीचा असतो. गाडी विकली जाते तेव्हा तो वाटा मजुराकडे जात नाही.

आणि आकडा खरा असेल कशावरून? मीटर मागे फिरविण्याची विद्या आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात काही गुपित नाही. मिस्त्री मीटरकडे पाहतच नाहीत. ते क्लचच्या पेडलाचे रबर पाहतात, स्टिअरिंगची वरची कड अंगठ्याने चोळून पाहतात, चालकाच्या आसनाची बाहेरची शिवण पाहतात. रोज चढणारा-उतरणारा माणूस तेथे आपला ठसा ठेवून जातो. मीटर फिरवता येतो, तो ठसा पुसता येत नाही.

ज्यांनी पुढे भाव वाढेल म्हणून गाड्या कोंडून ठेवल्या त्यांची एक अमेरिकन हकीकत मोठी बोलकी आहे. १९७६ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आपली एल्डोराडो ही उघडी गाडी देशातली शेवटची उघडी गाडी म्हणून विकली. त्या वर्षी चौदा हजार निघाल्या. कित्येकांनी ती विकत घेऊन आच्छादनाखाली ढकलली, की हिचे पुढे सोने होणार. आठ वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच कंपनीने पुन्हा उघडी एल्डोराडो बाजारात आणली. कोंडून ठेवणारे संतापले, काही कोर्टात गेले. त्यातून त्यांच्या हाती काही पडले नाही. धान्याचा साठा करणारा आणि हा, यांत आम्हांला फार अंतर दिसत नाही. एवढेच की याच्या साठ्याने कोणाच्या घरची चूल विझली नाही.

तर जपलेले वाहन पाहायला जर्मनीला किंवा अमेरिकेला जाण्याची गरज आहे काय? मुळीच नाही. २०२४ पासून आपल्या जिल्ह्याचे नाव कागदोपत्री अहिल्यानगर झाले. बोलताना आपण अजून 'नगर' म्हणतो. या नगरात सोलापूर रस्त्याच्या बाजूला, फराहबागेच्या जुन्या महालाजवळ, लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते ते उघडले. आपल्या शाळांच्या सहली तेथे जातात, मुले तोफेच्या नळीखाली फोटो काढतात आणि परत येतात. आम्हीही अनेकदा गेलो. मिस्त्रींच्या प्रश्नानंतर पुन्हा गेलो तेव्हा निराळ्या डोळ्यांनी पाहिले.

तेथे ब्रिटिशांची माटिल्डा आहे, व्हॅलेंटाइन आहे, चर्चिल आहे. जपानी आहेत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या जवानांनी पाडाव करून आणलेले पॅटन आहेत. मद्रासजवळच्या आवडी येथील कारखान्यात आपल्या कामगारांनी बांधलेला विजयंता आहे. त्याच्यापुढे आम्ही नेहमी जरा जास्त रेंगाळतो. पण या सर्वांत वडील कोण, तर एक चिलखती मोटार. तिच्या चिलखताखाली रोल्स-रॉईसची सिल्व्हर घोस्ट आहे. ज्या नावासाठी जगातले धनिक वेडे होतात ते वाहन आपल्या नगरच्या उन्हात, पोलादी अंगरखा घालून उभे आहे.

या सिल्व्हर घोस्टची कथा सांगितल्याशिवाय मिस्त्रींच्या प्रश्नाचा उलगडा होत नाही. १९०७ मध्ये रोल्स-रॉईस कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी कंपनीच्या नव्या चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या सांगाड्यांपैकी एक निवडला, त्यावर बार्कर या कारागिरांकडून उघडे शरीर बांधून घेतले, ते रुपेरी रंगविले आणि त्याला 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत, असे नाव दिले. आवाज न करता येते नि जाते, म्हणून भूत. क्रमांक एएक्स २०१. लक्षात घ्या, ही उघडी गाडी होती. पण ती शोभेसाठी केली नव्हती. लंडन ते ग्लासगो अशी तिला फेऱ्यांवर फेऱ्या मारावयास लावले आणि चौदा हजारांहून अधिक मैल आपल्या चुकीने न थांबता ती धावली. त्या काळच्या मोटारी दहा-वीस मैलांवर रस्त्याच्या कडेला बसत असत, हे ध्यानी घेतले पाहिजे. १९०८ मध्ये ती एका खाजगी माणसाला विकली. त्याच्याकडे ती चाळीस वर्षे राबली. १९४८ मध्ये कंपनीने ती परत घेतली. आज जगातल्या सर्वांत मौल्यवान मोटारींत तिची गणना होते, आणि तिची चाल पाच लाख मैलांहून जास्त भरते!

म्हणजे एकीकडे ती तांबडी परडी, जिचे मोल ती धावली नाही म्हणून. दुसरीकडे ही रुपेरी, जिचे मोल ती धावली म्हणून. दोन्ही उघड्या, दोन्ही जपलेल्या. बाजार दोघींना माळ घालतो. परंतु इतिहास लिहावयास बसलो तर एकीची हकीकत चार ओळींत संपते आणि दुसरीवर ग्रंथ लिहावा लागतो. आमच्या समजुतीने संग्राहकाचे मोल आणि इतिहासाचे मोल ही दोन निरनिराळी नाणी आहेत, आणि लिलावाच्या यादीत त्यांची बेमालूम अदलाबदल होते.

त्या रुपेरी भुताच्या भावंडांचे पुढे काय झाले? १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिश आरमाराच्या वैमानिक दलाने बेल्जियमच्या किनाऱ्यावर साध्या मोटारींना लोखंडी पत्रे ठोकून गस्त घालावयास सुरुवात केली होती. तो प्रयोग साधला असे दिसताच सिल्व्हर घोस्टचे मिळतील ते सांगाडे सरकारने ताब्यात घेतले आणि त्यांवर चिलखत व बुरूज चढविला. पहिल्या गाड्या त्याच वर्षीच्या डिसेंबरात तयार झाल्या. सरदार-उमरावांना नाटकगृहात पोहोचविण्यासाठी घडविलेला सांगाडा वाळवंटात मशीनगन वाहू लागला. अरबस्तानात लॉरेन्सने याच गाड्या वापरल्या. टनावारी ओझे लादूनही त्यांची कमान मोडत नसे, कारण मूळ धातुकाम आणि जोडकाम तसे होते. लढाईनंतर या जातीच्या गाड्या हिंदुस्थानात आल्या आणि वायव्य सरहद्दीवर फिरल्या. नगर हे घोडदळाचे जुने ठाणे. त्या दोन युद्धांच्या मधल्या काळात चिलखती गाड्यांचे शिक्षणही येथे आले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये चिलखती दलाचे केंद्र व शाळा येथे एकत्र झाली. संग्रहालय नगरलाच का, याचे उत्तर त्यात आहे.

जाता जाता एक सांगतो. अलवारच्या महाराजाने रोल्स-रॉईसच्या गाड्यांना झाडू बांधून कचरा उचलायला लावले, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकावयास मिळते. कधी अलवार, कधी हैदराबाद, कधी पतियाळा. राजाचे नाव बदलते यावरूनच ती गोष्ट आहे हे ओळखावे. गोऱ्या विक्रेत्याचा माज उतरला याचा आनंद लोकांना होतो, म्हणून ती टिकली. पण राजाच्या अपमानाची भरपाई झाली आणि झाडूवाल्याला काय मिळाले, हे कोणी विचारीत नाही.

नगरला यंत्र घडविण्याची परंपरा मोटारीपासून सुरू होत नाही. विजापूरच्या बुरुजावर जी मुलूख-मैदान तोफ आहे, पंचावन्न टनांची, ती १५४९ मध्ये याच नगरात निजामशाहीत ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे: मुहम्मद रूमी. पावणेपाचशे वर्षे उलटून गेली तरी कारागिराचे नाव राहिले. किती सुलतानांची नावे आपल्याला आठवतात? पण भट्टीला भाता मारणारे, माती कालविणारे, आणि ते धूड नगरापासून ओढत नेणारे बैल नि माणसे यांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत. तरी एक तरी नाव राहिले, ही त्या काळाची थोरवी म्हणावयाची. आमच्या ओळखीच्या किती कारखान्यांच्या मालावर फिटरचे नाव आहे?

आता आमच्या कामगारांच्या गाड्यांकडे येऊ.

मुंबईला कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्स हा कारखाना वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिला. तेथे फियाट झाली आणि १९७० नंतरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तिच्या आधी मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांच्या युनियनने सरकारकडे एक मागणी केली होती. पगारवाढीची नव्हे, भाडेवाढीचीही नव्हे. एक तरी काळी-पिवळी जपून ठेवा, एवढीच. ती मान्य झाली नाही. आमची अर्धी हयात मागण्यांची निवेदने लिहिण्यात गेली, पण कामगारांच्या संघटनेने इतिहासासाठी केलेली मागणी आम्ही फार थोड्या पाहिल्या. ही वाचून आम्ही युनियनच्या कचेरीत ते कात्रण भिंतीला डकविले.

त्याच प्रीमियर कंपनीने १९९० नंतरच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीशी भागी करून कल्याणला प्यूजो ३०९ नावाची गाडी काढली. फ्रान्समध्ये याच घराण्यातली २०५ ही गाडी गोल्फ जीटीआयची मोठी प्रतिस्पर्धी. तिचीही उघड्या टपाची तडफदार आवृत्ती १९८६ मध्ये निघाली, पिनिनफरिना या इटालियन घराने घडविलेली, आणि आज संग्राहक तिच्यामागे धावतात. ३०९ ही या २०५ ची सख्खी मावसबहीण. दोघींची दारे तीच! म्हणजे लिलावात मिरविणाऱ्या गाडीच्या गोतातली गाडी आपल्या कल्याणच्या पोरांनी घडविली होती. ते लग्न टिकले नाही. कारखान्यात संप झाला, १९९७ मध्ये फ्रेंच भागीदार निघून गेला. दोष कोणाचा यावर आम्ही रात्रभर बोलू शकतो, आणि या सभेत आमच्याशी भांडणारेही निघतील. पण आजचा विषय तो नव्हे. त्या ३०९ पैकी आज किती उभ्या असतील हे भंगारवाल्यांनाच विचारावे.

शेवटी आपले नगर. कुंदनमल फिरोदिया हे येथले वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, आणि १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांच्या मुलांनी, नवलमल आणि हस्तीमल यांनी, मोटारधंद्यात पाऊल टाकले. त्यांतून पुढे नगरला कायनेटिक इंजिनियरिंगचा कारखाना उभा राहिला आणि १९७२ मध्ये लुना रस्त्यावर आली. पन्नास सी. सी.चे इंजिन, पायाला पेडल, नमुना मूळचा इटलीच्या पियाजिओचा. पेट्रोल संपले तर सायकलीसारखी पेडल मारीत घरी यावे. गावचा मास्तर, ग्रामसेवक, किटल्या लटकवून निघणारा दूधवाला, साखर कारखान्याच्या पाळीला जाणारा कामगार, नोकरीला निघालेली परिचारिका यांची ही गाडी. टप नव्हताच, तेव्हा उघडी म्हणावयास हरकत नाही. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मंडपवाल्याकडे आम्ही उसन्या लुनावरच गेलो होतो आणि येताना मागे दोन सतरंज्या नि एक मेहुणा होता.

लुनाने घोड्यावरून उतरलेल्यांना काही दिले नाही; पायी चालणाऱ्यांना चाके दिली. नगरच्या किती घरांची दुसरी पिढी त्या कारखान्याच्या आणि त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या छोट्या शेडच्या पगारावर शिकली, हे येथे बसलेल्यांना आम्ही सांगावे असे नाही. विसाव्या शतकाबरोबर तिचे दिवस सरले. २०२४ मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला देऊन पुन्हा बाजारात आणले, ते नाव लोकांच्या मनात होते म्हणूनच.

आता कायदा पाहा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, खाजगी वापराचे वाहन ऐतिहासिक म्हणून नोंदविता येते. त्याला निराळी पाटी मिळते, ते रोजच्या कामाला वापरता येत नाही. नियम चारचाकीप्रमाणे दुचाकीलाही लागू आहे. म्हणजे १९७२ ची लुना २०२२ पासून त्यात बसते! महाराजांच्या रोल्स-रॉईसच्या पंक्तीला दूधवाल्याची लुना, कायद्याने. फक्त नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. तेवढ्यात कितीक लुना येतील याचा हिशेब मिस्त्रींनी आम्हांला बोटांवर करून दाखविला. टॅक्सी मात्र या नियमात बसत नाही, कारण ती पोटासाठी चालत होती.

म्हणून आमची एक सूचना आहे, आणि ती लष्कराला नाही, सरकारलाही नाही, आपल्यालाच आहे. आपल्या युनियनच्या निवृत्त सभासदांना आम्ही गेल्या वर्षापासून विचारीत आहोत, तुम्ही कोणत्या गाडीचा कोणता भाग केला ते सांगा. दोन वह्या भरल्या आहेत. कोणी क्रँक घासला, कोणी चेन बसविली, कोणी फक्त रंग उडविला आणि फुफ्फुसे त्यात गमावली. त्या वह्यांबरोबर उभी करावयास एक लुना हवी. चकचकीत नको. पेडल झिजलेले, सीट फाटलेली, किटलीच्या कडीने ज्या पत्र्याला खाच पाडली आहे अशी हवी. ज्यांच्या गोठ्यात किंवा माळ्यावर अशी असेल त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी आमच्या कचेरीत एक निरोप द्यावा. तिला उभी करण्याची जागा आम्ही काढली आहे. ती कचेरीच्याच ओट्यावर आहे, लहान आहे, पण वर पत्रा आहे.

मिस्त्रींना आम्ही परवा रविवारी रणगाडा संग्रहालयात नेले. सिल्व्हर घोस्टपुढे ते बराच वेळ उभे राहिले, मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि चिलखताखाली डोकावू लागले. पहाऱ्यावरच्या जवानाने काय पाहता म्हणून विचारले. ते म्हणाले, "हिचं काम कोण करतं ते बघतोय." जवानाने हसून सांगितले की, त्यासाठी दलाचे लोक आहेत. "त्यांची नावं लिहून ठेवा," एवढे बोलून मिस्त्री निघाले, कारण गॅरेजवर एक म्हातारे गुरुजी आपली बंद पडलेली लुना घेऊन दहा वाजल्यापासून बसले होते.